वाचकांचे प्रश्न: दुबईच्या परिषदेत येशूबद्दल बोलू का?

प्रश्न: सलाम पाळकसाहेब. मी यवतमाळ जिल्ह्यातला, घरी कोरडवाहू कापूस अन् एका संस्थेत शेतकरी गटांचं काम करतो. 2017 च्या फवारणीच्या विषबाधेत माझा चुलतभाऊ गेला, तेव्हापासून याच कामात आहे. 30 नोव्हेंबर 2023 पासून दुबईत हवामान बदलाची मोठी परिषद, कॉप 28, होऊन राहिली, संस्थेनं शेतकऱ्यांच्या वतीनं बोलायला माझं नाव दिलं. चर्चच्या मंडळीतले काही जण म्हणतात एवढे मंत्री अन् अरब लोकं एका जागी पुन्हा भेटणार नाहीत, येशूबद्दलची इंग्रजी पत्रकं घेऊन जा अन् वाटून ये. घरचे म्हणतात तोंड बंद ठेव नाहीतर जेलात बसशील. काय करू?

उत्तर: भाऊ, पत्रकं नेऊ नको. पण तोंड बंद ठेवून परतही येऊ नको.

आधी कायदा. अमिरातीत आपल्याला चर्चमध्ये उपासनेची मोकळीक आहे, वापरायचं बायबल सोबत नेता येतं, पण मुसलमानांत दुसऱ्या धर्माचा प्रचार करणं, तशी पत्रकं वाटणं हा तिथे गुन्हा आहे. परिषदेचा ब्लू झोन, म्हणजे सरकारांच्या वाटाघाटी चालतात तो भाग, युनोच्या ताब्यात असतो, तिथेही विनापरवानगी काही वाटलं तर बॅज काढून घेऊ शकतात, मग ज्या शेतकऱ्यांसाठी गेला त्यांचं बोलणंच राहून जाईल.

मला मात्र कायद्यापेक्षा दुसरी गोष्ट जास्त लागते. तुला आज ना उद्या विमानात बसवून देतील, पण ज्या पोराने तुझ्या हातून पत्रक घेतलं तो त्याच घरात, त्याच गावात राहणार, त्याचं पुढे काय होईल ते बघायला आपण तिथे नसू. आणि तिथली मंडळी? उद मेथा भागात सेंट मेरीज चर्च आहे, ते दुबईचे तेव्हाचे शासक शेख राशिद यांनी दिलेल्या जागेवर उभं आहे, बाजूलाच होली ट्रिनिटीच्या आवारात कितीतरी भाषांच्या मंडळ्या वेळ वाटून घेऊन भक्ती करतात. त्यांनी वर्षानुवर्षं जपलेली ही मोकळीक चार दिवसांच्या पाहुण्यानं अडचणीत आणू नये, असं मला अगदी मनापासून वाटते.

आता बोलायचं कसं. बायबलातल्या प्रेषितांच्या कृत्यांत पौलाला कैसरियात अग्रिप्पा राजापुढे आणलं तेव्हा सरदार अन् शहरातले बडे लोक सगळे बसलेले होते, म्हणजे राजकारण्यांचीच सभा ती. राजाने परवानगी दिल्यावर पौल बोलला, अन् बोलला काय तर स्वतःवर गुजरलेलं, मी आधी येशूच्या लोकांना कसा छळत होतो अन् दिमिष्काच्या वाटेवर येशू कसा भेटला. तुझ्याजवळही तसंच आहे ना. जेवणाच्या टेबलावर कुणीतरी विचारेलच की तुम्ही या कामात कसे आले, तेव्हा सगळं सांग: त्या साली कापसाची पऱ्हाटी डोक्याच्या वर गेलेली, पाठीवर पंप, फवारा अंगावरच येत होता, तोंडाला नुसता दुपट्टा, भाऊ दवाखान्यात म्हणत होता की दिसत नाही मले काही. त्या दिवसांत तू कुणाच्या भरवशावर उभा राहिला तेही सांग, येशूचं नाव घे, लपवू नको. विचारलेल्या प्रश्नाचं खरं उत्तर आणि प्रचार यात फरक आहे, ऐकणाऱ्यालाही तो कळतो. मग त्याला विचार, तुमच्याकडे दुष्काळात लोक काय करतात, प्रार्थना कशी करतात, अन् ऐकून घे. त्याला आणखी जाणून घ्यायचं असेल तर तो विचारेल, नसेल तर तिथेच थांब.

समोरचा अरब मुसलमानच असेल असंही धरून चालू नको. इजिप्तचे कॉप्टिक, लेबनॉनचे मॅरोनाईट हे अरबी बोलणारे ख्रिस्ती आपलेच भाऊबंद, पवित्र आत्मा उतरला त्या पेन्टेकॉस्टच्या दिवशी यरुशलेमेत अरबही हजर होते.

यंदा परिषदेत पहिल्यांदाच सगळ्या धर्मांसाठी फेथ पॅव्हिलियन आहे, तिथे ख्रिस्ती म्हणून उघड बसता-बोलता येईल, तिथे जरूर जा. आणि एखाद्या संध्याकाळी मेट्रोने उद मेथाला जा, तिथल्या भक्तीत आपल्या देशातले कामगार भेटतील, त्यांच्यासोबत बस.

मंडळीतले लोक ख्रिस्ती झालेले कवी रेवरंड ना. वा. टिळकांचं उदाहरण देतील, की राजनांदगावच्या गाडीत एका सहप्रवाशानं दिलेल्या नव्या करारानं त्यांचं आयुष्य बदललं. बरोबर आहे, पण त्या माणसानं आधी त्यांच्याशी मनमोकळ्या गप्पा मारल्या होत्या, मग पुस्तक दिलं, हेही त्यांना सांग.

प्रश्न: माझी मुलगी रियाधला नर्स आहे. तिथे चर्च नाही, पोरगी रडते. काय सांगू तिला? (एक आई, अचलपूर तालुका)

उत्तर: ताई, सौदीत एकही चर्च नाही हे खरं आहे. पण घरात, खोलीत आपल्यापुरती प्रार्थना करायला तिथलं सरकार मुभा देते, फक्त गाजावाजा नको, अन् अनोळखी ग्रुपमध्ये प्रार्थनेचे मेसेज टाकायचे नाहीत. तिथली वेळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे आहे, तिची ड्युटी विचारून घ्या आणि रविवारी तिच्या सोयीनं फोन लावून दोघी मिळून एक गीत म्हणा, एक अध्याय वाचा.