नदीत पाणकणीस दाट वाढलंय, मग पाणमांजर का दिसत नाही? पाणकणीस कापून टाकावं का?

पाणकणीस माजलंय म्हणून नदी सुधारली असं धरू नका. बऱ्याचदा उलटंच असतं.

पाणकणसाला (काही भागात याला रामबाण म्हणतात) लागतं काय? उथळ, संथ पाणी, खाली गाळ आणि त्यात नायट्रोजन-फॉस्फरस. थोडक्यात, गावाचं सांडपाणी आणि शेतांतून वाहून आलेलं खत. गाळात ऑक्सिजन नसला तरी त्याचं काही अडत नाही. एखादं पान आडवं कापून बघा, आत स्पंजासारखे हवेचे कप्पे दिसतील. वरची हवा त्यातूनच गाळातल्या खोडांपर्यंत पोचते. पिकलेलं तपकिरी कणीस चुरगाळलं की नुसता कापूस उडतो; एका कणसात लाखावर बिया असू शकतात.

पाणमांजराचे लाड मात्र नदीला परवडावे लागतात. आपल्याकडचं मोठं पाणमांजर ७ ते ११ किलोचं, कुटुंबकबिला घेऊन फिरणारं, आणि प्रत्येकाला रोज साधारण किलोभर मासळी हवी. तीही भर मे महिन्यात, नदीचे डोह झालेले असताना! शिवाय बीळ करायला निवांत काठ हवा. वाळूउपशाने काठ गेला, जिलेटिनचे स्फोट करून डोहातली मासळी संपवली, की पाणमांजरं तिथून उठलीच. जगभरच त्यांची संख्या घटतेय; २०१९ पासून त्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी आहे.

आणि दिसत नाही म्हणजे नाहीच, असंही नाही. काठावरचे खडक तपासा. पाणमांजरं ठरलेल्या जागी विष्ठा टाकतात. तिच्यात माशांचे खवले, काटे, खेकड्याच्या कवचाचे तुकडे दिसतात आणि मासळीचा उग्र वास येतो. सिंधुदुर्गात दोडामार्गकडे तिलारी नदीच्या खोऱ्यात ती आहेत, तिकडे गेलात तर ही खूण ओळखायला शिकून घ्या.

पाणकणीस सरसकट कापू मात्र नका. सांडपाणी गाळायला ते मुद्दाम लावतात, जांभळी पाणकोंबडी त्यात घरटं करते. काठाला पट्टा राहू दे. पात्रच बुजत असेल तर तेवढंच काढा, आणि विळा पाण्याच्या पातळीखाली चालवा. वर बुडखे राहिले तर त्यांतून हवा आत जात राहते आणि ते पुन्हा फुटतं; बुडवून कापलं तर खालचं खोड गुदमरून कुजतं. सांडपाण्याचा नाला तसाच चालू असेल तर मात्र दोन-तीन वर्षांत पुन्हा विळा काढावा लागेल.