मामांची 2011 ची होंडा सिटी मिळतेय, फक्त 38 हजार किलोमीटर झालेत. मुंबईत तिची देखभाल कशी करावी?

तुम्ही लिहिलंय की गाडी मुलुंडला सोसायटीच्या आवारात उभी असते, मामा आठवड्यातून एकदा बाजारापर्यंत नेतात, आणि इतकी कमी चाललेली असल्यामुळे "फारसं काही करावं लागणार नाही" असं घरचे म्हणतायत. ह्याच पिढीची, पेट्रोल आणि मॅन्युअल गिअरची सिटी मी बारा वर्षं गोरेगावात वापरतोय. गाडी जरूर घ्या. पण मीटरवर जाऊ नका. मुंबईत गाडी किलोमीटरने कमी आणि वर्षांनी जास्त म्हातारी होते. दमट हवा, चार महिन्यांचा पाऊस आणि इंजिन नीट तापण्याआधीच संपणाऱ्या फेऱ्या ह्यांची नोंद मीटरवर होत नाही.

चालवायला घेण्याआधी एक काम करा. आरसीवरचा चेसिस नंबर होंडाच्या भारतीय वेबसाइटवर टाका, नाहीतर सर्व्हिस सेंटरला सांगा, आणि एअरबॅगचा रिकॉल बाकी आहे का ते बघा. त्या काळात जगभरातल्या अनेक कंपन्यांच्या गाड्यांत टाकाटा कंपनीचे इन्फ्लेटर होते. एअरबॅग फुगवणारं त्यातलं रसायन वर्षानुवर्षं उष्णता आणि दमटपणा खाऊन बिघडतं, मग अपघातात इन्फ्लेटरच फुटून धातूचे तुकडे आतल्या माणसांवर उडतात. त्या वर्षांतल्या बऱ्याच सिटी होंडाने भारतात परत बोलावल्या आणि हा भाग फुकट बदलून दिला. मामांना पत्र आलं असेल, राहून गेलं असेल. आपल्या हवेत ह्यात चालढकल करू नका.

आता गाडीचे गुण. 1497 सीसीचं आय-व्हीटेक इंजिन, 6600 आरपीएमला 118 पीएसची ताकद. घोडबंदरला मोकळा पट्टा मिळाला की तिसऱ्या गिअरमध्ये जरा वर खेचून बघा, मग कळेल लोक अजून ह्या गाड्या का सोडत नाहीत. डिकी 506 लिटरची, गावाहून येताना तांदळाचं पोतं आणि आंब्याच्या पेट्या घेऊनही बॅगांना जागा उरते. इंजिनातले व्हॉल्व्ह वेळेवर उघडबंद करणारी टायमिंग चेन आहे, बेल्ट नाही. त्यामुळे कुणी "टायमिंग बेल्ट बदलायला झालाय" म्हणालं तर त्या गॅरेजमधून सरळ बाहेर या. चेन टिकते ती ऑइलवर, म्हणून ऑइल मात्र वेळेवर बदला. तुमच्यासारख्या छोट्या फेऱ्यांत इंजिन पुरेसं तापत नाही, ऑइलमध्ये ओल आणि पेट्रोल उतरतं. वर्षभर थांबू नका, सहा महिन्यांनी बदला, मग हजारच किलोमीटर झालेले असोत.

उणीव एकच, पण मुंबईत मोठी. गाडी बुटकी आहे, ग्राउंड क्लिअरन्स 160 मिलिमीटर. मागे तिघं बसले की स्पीडब्रेकरवर पोट घासतं. तिरकी घालून हळू काढायची सवय लावा.

ह्या गाडीला टेम्परेचरचा काटा नाही, हेही माहीत असू द्या. इंजिन थंड असताना निळा दिवा, फार तापलं की लाल, मधलं काहीच दिसत नाही. जेव्हीएलआरवर (जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोड) तासभर अडकलात तर लाल दिवा लागेपर्यंत पत्ता लागत नाही. म्हणून महिन्यातून एकदा बोनेट उघडून एसी लावा, पंधरा मिनिटं इंजिन चालू ठेवा आणि पुढचे दोन्ही पंखे फिरतायत का बघा. कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं द्रव, होंडाचंच घाला, निळं, तयार मिसळलेलं येतं. नळाचं पाणी ओतू नका, आणि गरम असताना रेडिएटरचं झाकण अजिबात उघडू नका.

पावसाचं जरा सविस्तर सांगतो, कारण मी त्यात पैसे घालवलेत. एका जुलैत डावीकडच्या सीटपुढचं कार्पेट ओलं लागू लागलं. गॅरेजवाल्याने दरवाजाचं रबर बदललं, आठवड्याने पुन्हा ओलं. शेवटी एका म्हाताऱ्या मेकॅनिकने पुढच्या काचेखालची, वायपरच्या बुडाशी असलेली प्लास्टिकची जाळी उचलली. आत पर्जन्यवृक्षाच्या बारीक पानांचा काळा लगदा होता, चहाच्या चोथ्यासारखा, ओंजळीने काढावा लागला. पाणी जायची भोकं बुजली होती, म्हणून ते ब्लोअरच्या तोंडातून आत उतरत होतं. तुमच्याकडे असं झालं तर आधी हे बघा: उभ्या गाडीत, पाऊस पडून गेल्यावर ओल आली तर दोष ह्या जाळीचा. एसी चालवल्यावरच आली आणि गाडीखाली पाणी ठिबकत नसेल तर एसीची ड्रेन नळी तुंबलीय. ओल चिकट असेल, गोडसर वास येत असेल तर ते कूलंट आहे, मग मात्र लगेच गॅरेज गाठा. मी आता मेअखेरीला जाळी साफ करतो आणि गणपतीच्या आधी पुन्हा एकदा.

साचलेल्या पाण्यात गाडी बंद पडली तर पुन्हा चावी फिरवू नका. पाणी दाबलं जात नाही, इंजिनने ते ओढलं की पिस्टनला जोडलेला कनेक्टिंग रॉड वाकतो. 26 जुलै 2005 ला पाण्यात अडकलेल्यांपैकी कुणालाही विचारा. ढकलून बाजूला घ्या आणि टोइंग बोलवा.

उभ्या गाडीचे बाकी त्रास: टायरच्या बाजूवर चार आकडे असतात, 2319 म्हणजे 2019 चा 23 वा आठवडा. सहा वर्षांहून जुने असतील तर नक्षी कितीही छान दिसो, बदला. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं, दोन वर्षांनी नवं घाला. आताच्या पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल असतं आणि ही गाडी त्याच्या आधीची, तेव्हा पेट्रोलच्या रबरी नळ्यांना भेगा आहेत का ते लिफ्टवर चढवून बघून घ्या. उंदीर वायरी कुरतडतात, त्यावर बोनेट आठवड्याला उघडून बघणं हाच माझ्या अनुभवातला खरा उपाय. आणि जागेवर इंजिन चालू ठेवून भागत नाही, आठवड्यातून एकदा अर्धा तास तरी रस्त्यावर न्या. स्पेअर पार्ट कुर्ल्याला सीएसटी रोडवर मिळतात, पण ब्रेकचे भाग तिथले जुने घेऊ नका.

कागदांचं: खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची, म्हणजे 2011 च्या गाडीची मुदत 2026 मध्ये संपते. आरटीओत तपासणी आणि पर्यावरण कर भरून ती पाच वर्षांनी वाढते. नावावर करण्याआधी आरसीवरची तारीख बघा आणि नूतनीकरण कोण करणार हे मामांशी आत्ताच बोलून घ्या.

बोलाल तेव्हा सर्व्हिसची पुस्तिकाही मागून घ्या. ह्या इंजिनाचे टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हजवळची बारीक फट, हाताने सेट करावे लागतात, 40 हजारांच्या आसपास बघायचे असतात. सकाळी थंड इंजिन सुरू करून बोनेटजवळ कान द्या. शिवणयंत्रासारखी टिकटिक ऐकू आली आणि पुस्तिकेत टॅपेटची नोंद नसेल, तर पहिल्या सर्व्हिसला तेवढं सांगूनच गाडी द्या.