जुन्या गाडीला किल स्विच: आधी तार ठरवा, मग जागा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सत्तरच्या दशकातली कार्ब्युरेटर आणि पॉईंटवाली गाडी, इग्निशनचं कुलूप इतकं झिजलेलं की कुठलीही चपटी किल्ली घातली तरी फिरतं. मेकॅनिक म्हणतो बॅटरीला कट-ऑफ बसवा, तुमच्या मनात डॅशबोर्डखाली लपवलेला किल स्विच, म्हणजे गाडी सुरूच होऊ न देणारा स्विच आहे, आणि तो लपवायला सगळ्यात चांगली जागा कोणती, हे तुम्हाला हवं आहे. जागेचंही सांगतो, पण आधी कोणती तार अडवायची ते ठरवा. तार चुकली तर स्विच कितीही हुशारीने लपवा, चोराला तो शोधायचीसुद्धा गरज पडत नाही.

जुन्या गाडीचं इग्निशन अगदी साधं असतं. बॅटरीतून किल्लीमार्गे कॉईलच्या (ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणारा भाग) एका टोकाला वीज येते आणि दुसऱ्या टोकातून डिस्ट्रिब्युटरमधल्या (प्रत्येक प्लगला ठिणगी वाटणारा भाग) पॉईंटमार्गे, म्हणजे उघडझाप करणाऱ्या संपर्कातून, बॉडीला जाते. पॉईंट उघडला की कॉईलमधला प्रवाह तुटतो आणि त्याच क्षणी प्लगला ठिणगी मिळते. बहुतेक लोक किल्ली आणि कॉईल यांच्यामधली तार तोडून तिथे स्विच टाकतात. पण जुन्या गाड्यांची माहिती असलेला चोर किल्लीच्या वाटेला जातच नाही. तो बॅटरीवरून थेट कॉईलला वायर देतो, आणि तिथे तुमची किल्ली, तुमचा स्विच, तुमची लपवायची जागा सगळंच बाद होतं. नव्या गाड्यांत संगणकच किल्ली ओळखतो. युरोपीय संघात ऑक्टोबर १९९८ पासून नव्या गाड्यांना इमोबिलायझर सक्तीचा झाला. आपल्या गाड्यांत त्यातलं काहीच नाही, जे करायचं ते तारेनेच.

मेकॅनिकने सुचवलेला बॅटरीचा कट-ऑफ बसवा, जरूर बसवा, पण वेगळ्या कारणासाठी. महिनोन्महिने उभ्या राहणाऱ्या गाडीची बॅटरी उतरत नाही आणि जुनाट वायरिंगने पेट घेण्याची भीती कमी होते. चोरीपुरता तो दुबळाच. गाडीत दिवासुद्धा लागत नाही म्हटल्यावर कोणीही आधी बॅटरीच बघेल. आणि एक ध्यानात ठेवा, इंजिन चालू असताना तो कधीही फिरवू नका. अल्टरनेटर असेल तर व्होल्टेज एकदम उसळून त्याचे डायोड जाऊ शकतात. शिवाय इंजिन बहुधा बंदही पडत नाही, कारण अल्टरनेटरच इग्निशनला वीज देत राहतो.

पेट्रोलचा पंप बंद करण्याबद्दलही लोक सांगतील. पंप इलेक्ट्रिक असेल तरच ते शक्य आहे. इंजिनवर चालणाऱ्या मेकॅनिकल पंपाला फार तर पाईपमध्ये कॉक बसवता येतो. कार्ब्युरेटरच्या फ्लोट चेंबरमध्ये थोडं पेट्रोल उरलेलं असतं, त्यामुळे गाडी सुरू होते, थोडं अंतर जाते आणि मग आचके देत थांबते. काहींना हे आवडतं, कारण चोर भर रस्त्यात गाडी टाकून पळतो. मला आवडत नाही. ती गाडी नेमकी कुठे थांबेल आणि मागून काय येत असेल, हे आपल्या हातात नसतं.

माझी पसंती कॉईलच्या दुसऱ्या टोकाला, म्हणजे डिस्ट्रिब्युटरकडे जाणाऱ्या तारेला. ही तार तोडायची नाही, तिला एक फाटा काढायचा आणि तो लपवलेल्या स्विचमधून बॉडीला अर्थ द्यायचा. स्विच चालू केला की पॉईंट उघडला तरी प्रवाहाला दुसरी वाट मिळालेली असते, तो तुटतच नाही आणि ठिणगी पडत नाही. सेल्फ जोरात फिरतो, पेट्रोलचा वास सुटतो, गाडी मात्र घेत नाही. बॅटरीवरून कॉईलला थेट वायर दिली तरी फरक पडत नाही. एका ओळखीच्या गृहस्थांच्या गाडीवर असा प्रयत्न झाला होता. सकाळी जाऊन बघतो तर बॉनेट अर्धवट उघडं, बॅटरीपासून कॉईलपर्यंत चिमट्याची लाल वायर तशीच लावलेली, दोन प्लगच्या वायरी उपसलेल्या आणि डिस्ट्रिब्युटरचं झाकण क्लिपा काढून बाजूला ठेवलेलं. चोर ठिणगी का पडत नाही ते शोधत बसला होता आणि कंटाळून गेला. रात्रभर प्रवाह चालू राहिल्याने बॅटरी उतरली होती आणि कॉईल जळली होती. एवढ्यावर गाडी वाचली, हे मी स्वस्तात सुटणं समजतो.

तो तोटा मात्र खराच आहे. बॅलास्ट (कॉईलच्या आधी लावलेला रोधक) नसलेल्या साध्या १२ व्होल्टच्या कॉईलचा रोध साधारण ३ ओहम असतो, म्हणजे अर्थ दिलेल्या अवस्थेत किल्ली चालू राहिली तर जवळपास ४ अँपिअर सतत वाहतात आणि कॉईल तापत जाते. तेव्हा स्विच टाकलेला असताना किल्ली चालू ठेवून बसायचं नाही. पॉईंट काढून इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल बसवलं असेल, तर मॉड्यूल बनवणाऱ्याच्या सूचना वाचल्याशिवाय हा प्रकार करू नका. मॉड्यूलच्या सिग्नलच्या वायरीला तर हातच लावायचा नाही.

फाटा काढायचा कुठे, हे फार महत्त्वाचं. कॉईलच्या टर्मिनलवर दुसरी वायर दिसली की जाणकार माणूस ती उपटून फेकेल. मी करतो ते असं: कॉईल ते डिस्ट्रिब्युटर ही तार बहुतेक गाड्यांत जेमतेम हातभर असते. तेवढीच नवी बनवायची, मूळ तारेच्याच रंगाची आणि जाडीची. फाटा तिच्या मध्यावर काढायचा आणि तिथून पुढे तो मूळ वायरिंगच्या जुडग्यात सरकवून वरून जुनाच दिसेल असा बिनचिकट टेप गुंडाळायचा. मूळ तार काढून पिशवीत घालून ठेवून द्यायची. गाडीत एकही भोक नाही, एकही मूळ तार कापलेली नाही, आणि उद्या गाडी होती तशी करायची म्हटलं तर पाच मिनिटांचं काम. ब्रिटिश गाड्यांच्या ल्युकास पद्धतीत ही तार पांढरी, त्यावर काळी रेघ. किल्लीकडून कॉईलला येणारी नुसती पांढरी. सेल्फच्या सोलेनॉईडची (सेल्फला वीज जोडणारा चुंबकी स्विच) पांढरी, लाल रेघेची. त्या गर्दीत चकचकीत निळी वायर घातलीत, तर चोराला बाण काढून दाखवल्यासारखं होईल. तारेवरून नुसते चिमटून बसवायचे प्लास्टिकचे जोड मिळतात, ते अजिबात वापरू नका. ते आतले तंतू कापतात, तिथे गंज चढतो आणि एक दिवस गाडी विनाकारण बंद पडते. व्यवस्थित क्रिम्प केलेलं (दाबून बसवलेलं) थिंबल, म्हणजे तारेच्या टोकाचं धातूचं टर्मिनल, आणि वर हीट-श्रिंक, एवढं पुरे.

आणि हाच मला सगळ्यात जास्त काळजीचा भाग वाटतो: आपण बसवलेली वस्तू बिघडली तर काय होईल? किल्ली-कॉईलच्या मधल्या स्विचचं टर्मिनल सैल झालं, तर गाडी वेगात असताना इंजिन बंद पडतं. ब्रेकला व्हॅक्यूम बूस्टर असेल, तर इंजिन बंद झाल्यावर त्यातला साठा ब्रेक एक-दोनदा दाबण्यापुरताच उरतो, पुढे पॅडल दगडासारखं कडक. अर्थ देण्याच्या पद्धतीत स्विच बिघडला किंवा फाटा निसटला, तर गाडी चालूच राहते, फक्त चोरीचं संरक्षण जातं. तिथे धोका एकच, फाट्याची तार कुठेतरी घासून बॉडीला लागण्याचा. म्हणून पत्र्याच्या भोकातून जाताना रबरी ग्रोमेट हवंच, आणि तार एक्झॉस्टपासून लांब ठेवायची.

या स्विचची दुसरी अडचण माणसाची आहे. चार दिवस आठवणीने टाकता, पाचव्या दिवशी घाई असते आणि राहून जातो. म्हणून जोडीला सेल्फच्या बाजूला आपोआप लागणारी व्यवस्था करा. इग्निशन चालू केल्यावर एक लपवलेलं बटण क्षणभर दाबायचं, की रिले (विजेने चालणारा स्विच) स्वतःलाच धरून ठेवतो आणि सेल्फची वाट मोकळी होते. किल्ली बंद केली की रिले सुटतो आणि गाडी पुन्हा बंदिस्त. लक्षात ठेवायला काही उरत नाही. सिग्नलला इंजिन बंद पडलं तरी किल्ली पूर्ण बंद केलेली नसते, त्यामुळे पुन्हा बटण शोधावं लागत नाही. याला दोन रिले लागतात. रिलेच्या टर्मिनलांवर आकडे असतात: ८५ आणि ८६ ही त्याच्या आतल्या कॉईलची टोकं, ३० आणि ८७ ही त्याच्या स्विचची. पहिल्याच्या ३० ला फ्यूजमधून इग्निशनची वीज द्यायची, त्याचं ८७ परत त्याच्याच ८६ ला जोडायचं आणि बटण ३० व ८६ यांच्यामध्ये. तेच ८७ दुसऱ्या रिलेच्या ८६ ला, दोघांची ८५ बॉडीला, आणि दुसऱ्याच्या ३० व ८७ मधून सेल्फच्या सोलेनॉईडची बारीक तार. वीज घेताना ते टर्मिनल सेल्फ मारतानाही चालू राहतं ना, हे टेस्टर लावून बघा. रेडिओचं टर्मिनल अनेक गाड्यांत सेल्फ मारताना बंद होतं, आणि मग रिले नेमका त्या वेळी सुटतो.

हीच आपोआप लागणारी युक्ती कॉईलच्या अर्थला का वापरू नये, असं तुम्ही विचाराल. कारण मग रिले चालत्या गाडीत सुटला तर इंजिन थांबेल. सेल्फच्या तारेत तो बिघडला, तर फार तर गाडी उभ्या जागी सुरू होणार नाही. नुसत्या सेल्फवर मात्र विसंबू नका. सोलेनॉईड बॉनेटखालून थेट जोडता येतो, आणि गिअरची गाडी धक्का मारूनही चालू होते. म्हणून दोन्ही हवेत, सेल्फला रिले आणि कॉईलला साधा स्विच.

गाडी ६ व्होल्टची असेल तर रिलेही ६ व्होल्टचेच घ्या. साठच्या दशकाच्या मध्यापर्यंतच्या अनेक ब्रिटिश गाड्यांत बॅटरीचा प्लस बॉडीला असतो. तिथे कॉईलवरच्या प्लस-मायनसच्या खुणांवर जाऊ नका, डिस्ट्रिब्युटरकडे जाणारं टोक ते आपलं. आणि आत डायोड असलेला रिले उलटा जोडला की डायोड लगेच जळतो, म्हणून साधा घ्या.

आता जागा. सीटबेल्ट लावून हात पोचला पाहिजे, डोळ्यांना दिसता कामा नये. डॅशबोर्डच्या खालच्या कडेला लावलेला खटक्याचा स्विच ही पहिली शोधली जाणारी जागा, ती सोडून द्या. गाडीत आधीच असलेलं आणि बिनकामाचं काहीतरी वापरा: न वापरला जाणारा फॉग लॅम्पचा स्विच, बंद पडलेल्या हीटरच्या पंख्याचा स्विच, सिगारेट लायटर. सेल्फच्या बटणासाठी मला सगळ्यात आवडतो तो रीड स्विच, म्हणजे चुंबक जवळ आलं की जोडला जाणारा. आतल्या अस्तरामागे तो चिकटवायचा आणि किल्लीच्या छल्ल्यातलं चुंबक त्या जागी टेकवायचं. बाहेरून काहीच दिसत नाही. रीड स्विचला जास्त प्रवाह झेपत नाही, पण इथे त्याच्यातून फक्त रिलेच्या कॉईलचा प्रवाह जातो. कॉईलच्या अर्थसाठी मात्र १० अँपिअरचा दणकट स्विच लावा. बसवलेल्या जागेचे फोटो कुठेही टाकू नका, प्रदर्शनात गाडी ठेवताना चुंबक खिशात ठेवा, आणि घरातल्या एका माणसाला सगळं दाखवून ठेवा.

लपवलेल्या स्विचने चोर हताश होतो, पण आधी काच फोडून आणि कुलूप उचकटूनच. म्हणून बाहेरून दिसेल असा स्टिअरिंगचा दांडाही लावा. साठच्या दशकाच्या सुरुवातीला पश्चिम जर्मनीने जुन्या-नव्या सगळ्याच गाड्यांना स्टिअरिंग लॉक सक्तीचं केलं आणि तिथल्या गाडीचोऱ्या ठळकपणे घटल्या. गाडी बरेच दिवस उभी राहणार असेल तर रोटर (डिस्ट्रिब्युटरच्या झाकणाखाली फिरणारा तुकडा) काढून घरी न्या. १९४० मध्ये जर्मन सैन्य उतरेल या भीतीने ब्रिटनमध्ये उभी गाडी निकामी करून ठेवणं सक्तीचं झालं, तेव्हा लोक हेच करत. आणि गाडी उचलून ट्रकवर चढवणाऱ्यापुढे यातलं काहीही चालत नाही. त्याला अडवायला चाकाचं कुलूप, आणि स्वतःची वेगळी बॅटरी असलेला ट्रॅकर.

तुमच्या गाडीपुरता क्रम असा ठेवा: आधी इग्निशनचं कुलूप बदला, मग सेल्फचे रिले, मग कॉईलचा अर्थ. प्रत्येक टप्प्यानंतर काही दिवस गाडी चालवून बघा आणि मगच पुढचं काम हाती घ्या, म्हणजे काही खटकलं तर कुठे बघायचं ते कळेल.