'टिपणवही' की 'नोंदवही'?

प्रश्न असा: वाचताना-ऐकताना निरनिराळ्या विषयांतलं जे लक्षात ठेवावंसं वाटतं, ते चार-सहा ओळींत लिहून ठेवायच्या वहीला मराठीत काय म्हणावं? इंग्रजीत 'कॉमनप्लेस बुक' म्हणतात. मराठीत 'नोंदवही', 'टाचणवही', 'टिप्पणी' यांतलं काही चालेल का?

माझं मत 'टिपणवही'ला. 'टिपणे' या क्रियापदाकडे पाहा. पाखरू दाणे टिपतं, टिपकागद जास्तीची तेवढी शाई टिपतो, नेमबाज लक्ष्य टिपतो. समोर पसारा आहे आणि त्यातलं नेमकं तेवढंच उचललं जातंय, हे तिन्हीकडे समान आहे. नोंदीत ही निवड नसते. जन्ममृत्यूची किंवा आवक-जावकची नोंद म्हणजे जे घडलं ते सगळं, क्रमानं. त्यातली एक गळली तर नोंदवहीच सदोष ठरते. टिपणवहीत मात्र बहुतेक गाळायचंच असतं.

'टाचण' शब्द गोड आहे, पण वेगळ्या कामाचा. टाचणं म्हणजे तात्पुरतं जोडून ठेवणं. भाषणाचं टाचण, पाठाचं टाचण एका प्रसंगापुरतं असतं आणि प्रसंग सरला की त्याचं काम संपतं. 'जडत्व – बस – धक्का' एवढं टाचणात पुरतं, कारण उरलेलं डोक्यात ताजं असतं. दोन वर्षांनी त्या तीन शब्दांवरून काहीच आठवत नाही. टिपण पूर्ण वाक्यांत लिहायचं ते यासाठीच. 'टिप्पणी' तर दुसऱ्या मजकुराला चिकटलेली असते: ग्रंथावरची टिप्पणी, फाइलवरची टिप्पणी. मूळ मजकूर काढून घेतला की ती लटकते. टिपण स्वतःच्या पायावर उभं राहायला हवं.

इंग्रजी शब्दाचं शब्दशः भाषांतर मात्र करू नये. त्यातल्या 'कॉमनप्लेस'चा अर्थ 'सामान्य' नाही. ग्रीक 'टोपोस', लॅटिन 'लोकुस' म्हणजे जागा, आणि वक्तृत्वशास्त्रात ती मुद्दा सापडण्याची जागा, म्हणजे मथळा. अनेक विषयांना लागू पडणारे मथळे आणि त्यांखाली जमवलेला मजकूर, असा त्या नावाचा अर्थ. 'गुळगुळीत, नेहमीचं' ही छटा नंतरची.

मराठीत या कामासाठी दोन क्रियापदं आहेत, ती मला फार मोलाची वाटतात: टिपून घेणं आणि टिपून ठेवणं. ऐकता-वाचताना घाईत होतं ते 'घेणं'. नंतर शांतपणे, आपल्या शब्दांत, मथळ्याखाली होतं ते 'ठेवणं'. हिशेबाच्या भाषेत पहिली कीर्द, म्हणजे घडेल तसं क्रमानं लिहायची वही; दुसरी खतावणी, म्हणजे तेच खात्यांनुसार लावून ठेवायची वही. जर्मन भौतिकशास्त्रज्ञ लिश्टेनबर्ग (१७४२–१७९९) यानं आपल्या वह्यांना व्यापाऱ्यांच्या कच्च्या वहीचंच नाव दिलं होतं. व्यापारी आधी सगळं कच्च्या वहीत उतरवतात आणि मग पक्क्या वहीत नेतात, ही रीत त्याला विद्येतही हवी होती. कीर्दीतून खतावणीत न्यायचं काम दोन-तीन दिवसांत झालं तर होतं. त्यापेक्षा उशीर झाला की संदर्भ विसरतो, आणि कच्च्या वहीत न वाचता येणारी अक्षरं उरतात.

खतावणीची उत्तम युक्ती जॉन लॉक या इंग्रज तत्त्वज्ञाची. ती १६८६ साली फ्रेंचमध्ये आणि १७०६ साली इंग्रजीत छापली गेली. वहीच्या सुरुवातीला दोन पानांची सूची करायची: २० अक्षरं, प्रत्येकापुढे ५ स्वर, म्हणजे १०० घरं. मथळ्याचं पहिलं अक्षर आणि त्यानंतरचा पहिला स्वर यांवरून घर ठरतं. घर रिकामं असेल तर पुढचं कोरं पान उघडून तिथे लिहायचं आणि पानाचा आकडा घरात टाकायचा. त्या घरातलं पुढचं टिपण त्याच पानावर. पान भरलं की नवं कोरं पान घेऊन आकडा वाढवायचा. आधी प्रत्येक विषयाला पानं राखून ठेवावी लागत नाहीत.

मराठीत ही सूची जास्त सहज बसते, कारण ती बाराखडीच आहे. ओळी २०: स्वर, क, ख, ग-घ, च-छ, ज-झ, टवर्ग, त-थ, द-ध, न, प-फ, ब, भ, म, य, र, ल, व, श-ष-स, ह. स्तंभ ६: अ, आ, इ-ई, उ-ऊ, ए-ऐ, ओ-औ. झाली १२० घरं. जोडाक्षरात पहिलं व्यंजन आणि जोडाक्षराचा स्वर धरायचा: 'प्रकाश' प-अ मध्ये, 'स्थिती' स-इ मध्ये. 'ऋ' आपण 'रु' उच्चारतो, म्हणून 'कृती' क-उ मध्ये. 'ऑ' आ-खाली, 'अॅ' ए-खाली. क्ष क-मध्ये, ज्ञ ज-मध्ये.

एक अडचण हमखास येते. सं-, प्र-, वि- या उपसर्गांमुळे तीन घरं लवकर तुडुंब होतात. 'संकल्पना', 'संबंध', 'प्रक्रिया', 'विचार' असे मथळे दिले की काहीच सापडत नाही. मथळा ठोस नामाचा हवा: 'विचारप्रक्रिया' नको, 'आठवण' हवं. 'विज्ञान' नको, 'घर्षण' हवं.

अनेक क्षेत्रांच्या टिपणांत आणखी एक गुंता होतो. 'ताण' दोरीतला आणि मनावरचा, 'मूल्य' अर्थशास्त्रातलं आणि नीतिशास्त्रातलं. मथळ्यापुढे क्षेत्र लिहा: 'ताण, दोरी' आणि 'ताण, मन'. पान मात्र वेगळं करू नका. विषयवार कप्पे केले असते तर ही दोन टिपणं कधीच भेटली नसती. इथे ती शेजारी येतात, आणि एका क्षेत्रानं दुसऱ्याकडून शब्द उसना घेताना काय बदललं ते दिसतं. अशा वहीचं खरं सुख मला इथेच दिसतं.

टिपणात एकच कल्पना, पाच-सहा ओळी, तारीख, आणि स्रोत पृष्ठक्रमांकासह. जसंच्या तसं उतरवलेलं वाक्य अवतरणचिन्हांत टाकायलाच हवं. ती चिन्हं राहिली तर वर्षभरानं दुसऱ्याचं वाक्य आपलंच वाटू लागतं.

आता लेखन. 'टीपण' चूक, 'टिपण' बरोबर. 'टीप'मध्ये 'टी' उपांत्य म्हणून दीर्घ, 'टिपण'मध्ये उपांत्य अक्षर 'प' आहे. 'टीप'चं अनेकवचन 'टिपा', सामान्यरूपही ऱ्हस्वच: 'टिपेत', 'टिपेवर'. 'टिपण' नपुंसकलिंगी: ते टिपण, ती टिपणं. प्रमाणलेखनात 'टिपणे' लिहिलं तर क्रियापद आणि अनेकवचन सारखंच दिसतं, तेव्हा वाक्यावरून ओळखावं लागतं.