मामाच्या बाळाचं नाव शाहू का?

ओवी, काल झोपताना विचारलंस ना की मामा काही राजा नाही मग बाळाला राजाचं नाव कसं चालतं, आणि मी उद्या सांगते म्हणून लाईट बंद केली. आता ट्रेनमध्ये बसून लिहितेय, अडखळलीस तर बाबांकडून वाचून घे.

गंमत म्हणजे शाहू हे नाव खुद्द महाराजांचं पण जन्माचं नव्हतं. ते कागलच्या घाटग्यांचे, नाव यशवंतराव, १८८४ साली जवळपास तुझ्याएवढे असताना कोल्हापूरच्या गादीवर दत्तक आले आणि शाहू झाले. आणि शिवाजी महाराजांचे वडील शहाजीराजे, त्यांचं नाव तर नगरच्या शाह शरीफ पीराच्या नवसावरून ठेवलं म्हणतात, धाकट्या भावाचं शरीफजी! म्हणजे राजांची नावं पण अशीच कुठून कुठून आलेली.

पण मामाने हे नाव धरून ठेवलं ते माझ्या आजोबांमुळे. मामीला विवान पाहिजे होतं (तिच्या ऑफिसातच तीन विवान आहेत म्हणे). महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात बोर्डिंगं काढली, मराठा, जैन, लिंगायत, मुस्लिम, सगळ्या समाजांची, म्हणजे खेड्यातल्या पोरांना राहायची सोय झाली की ती शिकतील. आजोबा अशाच एका बोर्डिंगात राहून मॅट्रिक झाले, नाहीतर गावात गुरं राखत बसले असते. म्हातारपणी पण दसरा चौकातून जाताना महाराजांच्या पुतळ्यासमोर चप्पल काढून उभे राहायचे, रिक्षा हॉर्न मारत असायच्या मागे, आम्हाला लै लाज वाटायची.

नाव ठेवायचा मान आत्याचा, म्हणजे माझा, म्हणून तर रविवारी पहाटे चारला उठून व्हिडिओ कॉलवर बसले होते. आज्जीने फोन बाळाच्या कानाला लावला आणि मी कुर्रर्र करून नाव सांगितलं. मग आत्याच्या पाठीत बुक्के घालायचे असतात, तिकडे पाठ नाही म्हणून इकडे तुझ्या बाबांनी घातले, जरा जास्तच मनापासून. घुगऱ्या मात्र बुडाल्या.

आता पंचाईत आज्जीची झालीय. ए शाहू म्हणून ओरडायला तिची जीभ रेटत नाही, महाराजांना अरेतुरे कसं करायचं? काल फोनवर ऐकलं, पाळण्याशी म्हणत होती, "अहो महाराज, लंगोट बदलू द्या की!"

तुझी,
आई