बोट उलटून घरचा माणूस गेला, आता कायद्याने काय काय करता येतं?

दादा, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. बहिणीचे मिस्टर कोकणात बोट उलटून गेले, वय ३८, पगार महिना ३० हजार, ताई इकडे पुण्यात दोन लेकरं आणि सासूबाईंना घेऊन बसलीय, पोलिसांनी नुसती एडी, म्हणजे आकस्मिक मृत्यूची नोंद, केलीय आणि बोटवाला ३ लाख घ्या नि स्टॅम्प पेपरवर सही करा म्हणून मागे लागलाय. सही करू नका. निदान आत्ता तरी नाहीच, तेरावं व्हायच्या आत जो माणूस पैसे घेऊन दारात येतो त्याला एवढी घाई कसली आहे ते आधी बघायचं.

मी वकील नाही हे आधीच सांगतो. शिवाजीनगर कोर्टात एका वकीलसाहेबांकडे ११ वर्षं फायली सांभाळतोय, टायपिंग, नकला काढणं, तारखा लिहून ठेवणं हे माझं काम, त्यामुळे लोक कुठे अडकतात ते रोज बघतो. सगळ्यात जास्त एका गोष्टीत अडकतात, ती म्हणजे "आधी पोलिस केसचा निकाल लागू दे, मग भरपाईचं बघू." हडपसरच्या एक काकू अशाच आल्या होत्या, मिस्टर धरणाच्या बॅकवॉटरला बुडालेले, पोलिस केस चालू आहे ना म्हणून शांत बसलेल्या, आमच्याकडे आल्या तेव्हा २६ महिने झाले होते. ग्राहक आयोगाची मुदत २ वर्षं, ती गेलेली. फेटल अ‍ॅक्सिडेंट्स अ‍ॅक्ट, १८५५ सालचा कायदा आहे पण अजून चालतो, त्याखालच्या दाव्याची मुदत पण मृत्यूच्या तारखेपासून २ वर्षंच. ग्राहक आयोग सबळ कारण दिलं तर उशीर माफ करू शकतो, दिवाणी दाव्यात तेवढी पण सोय नाही. पोलिस केस म्हणजे बोटवाल्याला शिक्षा, भरपाई म्हणजे घर चालायला पैसे, दोन्ही रस्ते वेगळे आणि एकाच वेळी चालतात, कुणाची कुणाला वाट बघायची नसते.

आता एडीचं. एडीत आरोपी कुणीच नसतो. गुन्हा नोंदवायला लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. भारतीय न्याय संहितेचं कलम १०६(१) म्हणजे निष्काळजीपणाने मृत्यू, ५ वर्षांपर्यंत शिक्षा आहे, जुन्या भारतीय दंड संहितेच्या कलम ३०४अ मध्ये २ च होती. त्याच्या जोडीला कलम २८२, बेदरकारपणे बोट चालवणं, आणि २८४, भाडं घेऊन धोकादायक किंवा जास्त भरलेल्या बोटीतून माणसं नेणं. हे २८४ बऱ्याच जणांच्या लक्षातच येत नाही, खरं तर ते अशाच बोटींसाठी आहे. तिकडचं पोलिस स्टेशन ऐकत नसेल तर एसपींना लेखी, तरी नाही तर मॅजिस्ट्रेटकडे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७५(३) चा अर्ज. दर वेळी कोकणात जायला जमत नसेल तर पुण्यात पण झीरो एफआयआर देता येते, ते तिकडे पाठवतात.

लोक आम्हाला हमखास विचारतात की मोटार अपघातासारखा ट्रिब्युनलमध्ये क्लेम टाकता येईल का. नाही येत, बोट म्हणजे मोटार वाहन नाही, तो कायदा रस्त्यावरच्या गाड्यांचा. माझ्या मते तुमच्यासाठी ग्राहक आयोगच बरा. तिकिटाचे पैसे दिले म्हणजे भावजी ग्राहक, आणि ते गेले तर त्यांचे वारस तक्रार करू शकतात. ग्रुपमधल्या दुसऱ्या कुणी पैसे भरले असतील तरी चालतं. मोठी सोय म्हणजे २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तक्रारदार जिथे राहतो तिथेच तक्रार करता येते, म्हणजे ताईला कोकणात खेटे घालायची गरज नाही, पुणे जिल्हा आयोगात होईल, ई-जागृती या सरकारी पोर्टलवरून ऑनलाइन पण. आणि कुठल्या आयोगाकडे जायचं ते तुम्ही किती भरपाई मागता त्यावर नाही, सेवेसाठी किती पैसे मोजले त्यावर ठरतं, तिकीट ५०० चं असेल तर जिल्हा आयोग आणि फी शून्य, मग भरपाई ४० लाख मागा.

४० लाख उगाच नाही म्हटलं. रस्ते अपघातात कोर्ट जे गणित लावतं ते लावून बघा: महिना ३० हजार म्हणजे वर्षाला ३ लाख ६० हजार, ताई, दोन मुलं आणि आई असे ४ जण अवलंबून म्हणून त्यांच्या स्वतःच्या खर्चाचा चौथा हिस्सा वजा, उरले २ लाख ७० हजार, ३८ वयाला गुणक १५ (वयाप्रमाणे ठरलेला आकडा, त्याने गुणायचं), झाले ४० लाख ५० हजार, आणि पुढे पगार वाढला असता ते अजून यात धरलेलंच नाही. हे गणित आयोगावर बंधनकारक नाही, कमी पण मिळू शकतं, पण आधार म्हणून वकील हेच मांडतात. आता त्या ३ लाखांकडे परत एकदा बघा.

तिकिटामागे "बोटिंग स्वतःच्या जबाबदारीवर" छापलेलं असेलच, त्याला घाबरू नका, लाइफ जॅकेट न देणं किंवा जास्त माणसं भरणं हा निष्काळजीपणा असल्या एका ओळीने पुसला जात नाही. आणि ट्रिप कुणी काढली होती ते तुम्ही लिहिलं नाही. टूरवाल्याने किंवा ऑफिसने नेलं असेल तर त्यांना पण तक्रारीत पार्टी, म्हणजे विरुद्ध पक्ष, करायचं. १९९५ साली शाळेच्या सहलीत बियास नदीत १४ मुलं बुडाली होती, सुप्रीम कोर्टाने २००१ मध्ये शाळेला जबाबदार धरून प्रत्येकी ५ लाख कायम केले. पाण्यात नेणाऱ्याची जबाबदारी नुसती नावाड्यावर ढकलून चालत नाही.

पुरावा मात्र आत्ताच गोळा करा, बोट दुरुस्त होऊन रंग मारून परत पाण्यात गेली की संपलं. बोटीवर प्रवासी क्षमता लिहिलेली असते तिचा फोटो, त्या दिवशी ग्रुपमध्ये टाकलेले फोटो (जॅकेट घातलंय का ते त्यातच दिसतं), यूपीआयची पावती, आणि बरोबरच्या प्रवाशांचे नंबर, महिनाभराने ही माणसं फोन उचलत नाहीत. नोंदणी, सर्व्हे, क्षमता आणि विमा याची कागदपत्रं आरटीआयमधून मागवा, १० रुपयांचा अर्ज. समुद्रकिनाऱ्याला महाराष्ट्र सागरी मंडळ, धरणात असेल तर जलसंपदा विभागाला पण विचारायचं. २१ मे २०२४ ला उजनीत कुगाव ते कळाशी जाणारी बोट उलटून ६ जण गेले, तेव्हापासून धरणातल्या बोटींना परवानगी कुणाची हा प्रश्न आमच्याकडे पण लोक विचारायला लागलेत. बोटीचा विमा निघाला तर विमा कंपनीला पण पार्टी करा, खरे पैसे बहुतेक वेळा तिथूनच येतात.

कोर्टाशिवायचे पैसे पण बघून घ्या. भावजींच्या बँक पासबुकात वर्षाला २० रुपये कापलेले दिसतात का बघा, ती पंतप्रधान सुरक्षा विमा योजना, अपघाती मृत्यूला २ लाख, लगेच बँकेत कळवा. पीएफ कापला जात असेल तर ईडीएलआय, म्हणजे पीएफसोबतचा विमा, त्यात ७ लाखांपर्यंत मिळतात. सरकारी मदत जाहीर झाली तर खुशाल घ्या, डिसेंबर २०२४ मध्ये गेटवेच्या बोट अपघातानंतर राज्य सरकारने ५ लाख जाहीर केले होते, ती मदत असते, घेतली म्हणून दावा संपत नाही. वकिलाच्या फीचं टेन्शन असेल तर शिवाजीनगर कोर्टातच जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, बाईमाणसाला उत्पन्न कितीही असो फुकट वकील मिळतो. अर्ज ताईच्याच नावाने करा, सगळीकडेच. भाऊ म्हणून तुम्ही धावपळ करा, पण १८५५ च्या कायद्यात भरपाईचा हक्क नवरा-बायको, आईवडील आणि मुलांनाच आहे.

आणि तो स्टॅम्प पेपर परत द्यायच्या आधी दोन्ही बाजूंचा फोटो काढून ठेवा, बोटवाल्याचे मेसेज आले असतील तर तेही डिलीट करू नका. कोर्टात किती चालतील ते वकील बघतील.