'नाही' आणि 'पाहिलंच नाही'

प्रिय बेटा,

आमच्या दवाखान्यासाठी तू कॉम्प्युटरवर बनवलेला ओपीडीचा फॉर्म सिस्टरांसोबत बसून पाहिला. दिसतो देखणा, पण एका पेशंटला 43 रकाने! बाजाराच्या दिवशी आमची रांग व्हरांड्याबाहेर जाते. तेव्हा हे कोण भरणार? त्यात सोय म्हणून तू 'नॉर्मल'वर आधीच टिक करून ठेवली आहेस. ती आधी काढ. हातही न लावलेल्या पोटाची 'मऊ आहे, दाबल्यावर दुखत नाही' अशी नोंद होण्यापेक्षा रकाना कोरा राहिलेला बरा.

सिकलसेलचा, म्हणजे रक्ताच्या त्या आनुवंशिक आजाराचा, चौकोन मला सगळ्यात जास्त खटकला. टिक असेल तर आहे, नसेल तर नाही, असं तू धरलंस. गडचिरोली-चंद्रपूरकडे हे चालायचं नाही. टिक नाही म्हणजे चाचणी निगेटिव्ह आली, चाचणी झालीच नाही, की रिपोर्ट यायचा आहे? शिवाय सोल्युबिलिटी ही प्राथमिक चाचणी पॉझिटिव्ह आली तरी माणूस वाहक (एएस, म्हणजे सहसा स्वतः आजारी नसलेला) आहे की रुग्ण (एसएस), ते त्यातून कळत नाही. त्याला इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणारी चाचणी लागते. म्हणून निकालाशेजारी कोणती चाचणी आणि कोणत्या तारखेची, हे असलंच पाहिजे. एकदा मीच घाईत नुसतं 'सिकल पॉझिटिव्ह' लिहिलं होतं. पोरगी वाहक निघाली, पण तोवर जमलेली सोयरीक मोडली होती.

सर्पदंशाला 'वेळ' असा एकच रकाना पुरत नाही. चावल्याची, पोचल्याची आणि पहिलं एएसव्ही (सापाच्या विषावरचं औषध) सुरू केल्याची, अशा तीन वेळा हव्यात. कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत रक्त 20 मिनिटं न हलवता ठेवून ते गोठतं का, हे आम्ही पाहतो. एएसव्हीनंतर 6 तासांनी पुन्हा पाहतो. म्हणजे ही ओळ पुन्हापुन्हा भरता आली पाहिजे. पेशंट नागपूरला पाठवला तर तिथला डॉक्टर आधी विचारतो, एएसव्हीच्या किती व्हायल (बाटल्या) दिल्या?

स्नोमेडचे, म्हणजे आजार-लक्षणांच्या आंतरराष्ट्रीय शब्दसंग्रहाचे, कोड पडद्यामागे राहू देत. भारत 2014 पासून त्याचा सदस्य आहे, त्यामुळे परवान्याचा खर्च नाही. पण शोधताना 'परड' टाइप केलं तर घोणस सापडली पाहिजे, आमच्याकडे घोणसला परडच म्हणतात.

बाकी तक्रारीला मोकळी जागा ठेव. 'हातपाय दुखून राह्यले' हे पेशंट म्हणतो तसंच उतरू दे. लॉरेन्स वीड या अमेरिकन डॉक्टरनं 1968 मध्ये समस्यानिहाय नोंदींबद्दल लिहिलं. त्याच मांडणीतून आलेल्या 'सोप' (SOAP) या नोंदीच्या पद्धतीतला पहिला 'एस', म्हणजे सब्जेक्टिव्ह, पेशंटच्या तोंडचाच असतो. त्याचे तू ड्रॉपडाउन केलेस, ते मला पटलं नाही.

येत्या बाजाराच्या दिवशी ये. लॅपटॉप नको आणूस. लाइट गेल्यावर आम्ही केसपेपरवर काय लिहितो, तेच तर तुला बघायचं आहे.

तुझे
डॉक्टरकाका